सुटली म्हणा

सावेडीला लेकीकडे गेले की तिची मुलं दिवसभर 'आईशप्पथ' म्हणत असतात. आउट झालो नाही म्हणून आईशप्पथ, सगळं दूध प्यायलो म्हणून आईशप्पथ, आणि पेल्यात दूध तसंच. मी दचकते आणि ती मला हसतात. एकदा धाकट्याला मी दटावलं, म्हटलं, आधी 'सुटली' म्हण. त्याला कळेचना काय म्हणायचं ते. लेक म्हणाली, "आई, तू पण ना!" तिला मी ही गोष्ट कधी नीट सांगितलेली नाही.

माझ्या लहानपणी शपथ घालणं सोपं होतं आणि उतरवणं अवघड. ज्यानं घातली त्यानंच स्वतःच्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नसे. एकदा एका मैत्रिणीनं चिंचा चोरल्याचं सांगू नको म्हणून मला शपथ घातली आणि दुसऱ्या दिवशी ती आजोळी निघून गेली. ती परत येईपर्यंत मी घरात चिंचेच्या सारालाही हात लावला नाही, न जाणो तोंडातून काही निघायचं. आई म्हणाली, पोरीला काय झालंय कळत नाही. तर अशी मी. मला घाबरवायला फार कष्ट पडत नसत.

सातवी झाल्यावर माझं लग्न झालं आणि मी खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात आले. सासर खातंपितं होतं. सासरे, सासूबाई आणि धाकटे दीर शेतावरच्या घरात राहत. यजमान श्रीरामपूरकडे साखर कारखान्यावर नोकरीला होते, सणावाराला यायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि दिरांना भावजी. दोनदा पोट पडल्यावर मला मुलगा झाला. आत्याबाईंनी त्याच्यासाठी कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं होतं, ते त्यांनाच ठाऊक. त्याला साधी शिंक आली तरी त्या हातातलं काम टाकून यायच्या.

बाहत्तर सालचा दुष्काळ पडला तेव्हा तो नुकता बसायला लागला होता. गावातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. आमच्या विहिरीच्या तळाशी मात्र पाणी टिकून होतं. उन्हाळा लागला तेव्हा तालुक्याहून एक साहेब आले, बरोबर तलाठी. विहिरीच्या कडेला वाकून त्यांनी पाणी पाहिलं, सासऱ्यांना एक कागद दिला, आणि त्यांच्याबरोबरच्या माणसानं लाल ऑइलपेंटनं कट्ट्याच्या दगडावर लिहिलं की ही विहीर सरकारनं ताब्यात घेतली आहे आणि पाणी सर्वांसाठी खुलं आहे. रंग ओघळला होता. सासरे त्या दगडाकडं बघत उभे राहिले.

"सर्वांसाठी म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. तिथल्या बायका आधीही आमच्या विहिरीवर येत, पण कट्ट्यापासून लांब घागरी मांडून उभ्या राहत. आमच्यापैकी कुणी पाणी शेंदायचं आणि वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. कुणाला सवड नसली तर त्या उन्हात ताटकळत राहत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. कुणी केला हेही कुणाला सांगता आलं नसतं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला तो कुणी शिकवला नाही, पहिल्याच दिवशी आपोआप कळला. आणि आता हा दुसरा नियम दगडावर रंगवलेला, अजून ओला. एका विहिरीवर दोन नियम नांदणार कसे?

दोनचार दिवस वस्तीतलं कुणी आलं नाही. मग एका दुपारी माझ्याच वयाची एक जण आली. मी विहिरीजवळच्या दगडी डोणीवर बाळाची दुपटी पिळत होते, बाळ घरात झोपलेलं. ती थेट कट्ट्यावर चढली आणि रहाटाला दोर लावला. भावजी गोठ्यातून धावत आले.

"ए, खाली उतर! मी वाढतो पानी."

"तुमी कशाला तरास घेताय? हितं लिवलंय की," ती म्हणाली. "मला वाचता येतं. तुमाला येतं का?"

भावजींना नीट वाचता येत नव्हतं. हे तिला माहीत असावं. त्यांनी दोर हिसकला, तिनं सोडला नाही. त्यांनी तिला ढकललं. ती कट्ट्यावरून खाली दगडांत पडली आणि तुराटी मोडावी तसा आवाज आला. तिचा उजवा हात कोपराच्या वर भलताच वळला होता. ती ओरडली नाही. भावजीच ओरडले, "आगं आयं!" ते तेव्हा जेमतेम विशीतले होते आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. मी पिळलेलं दुपटं तसंच हातात धरून उभी होते.

वस्तीतल्या माणसांनी तिला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून पोलीस ठाण्यात. दुसऱ्या दिवशी जमादार आले. त्यांनी ओसरीवर बसून पाणी मागितलं आणि मला विचारलं, तू काय पाहिलंस? मी पाहिलं ते सांगितलं. त्यात धीटपणा वगैरे काही नव्हता. खाकी कपड्यातल्या माणसानं विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. त्यांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि निघून गेले. हे सांगायचं नसतं, असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

जमादाराची सायकल दिसेनाशी झाली तशा आत्याबाई उठल्या. त्यांनी मला देव्हाऱ्यापुढं नेलं. माझ्या तळहातावर भंडारा ठेवला. मग माझ्या कडेवरचं बाळ स्वतःकडं घेतलं आणि माझा तो पिवळा हात धरून त्याच्या टाळूवर ठेवला. टाळू अजून पुरती भरलेली नव्हती, हाताखाली धडधड लागत होती.

"म्हन," आत्याबाई म्हणाल्या, "विहिरीवर जे झालं ते पुन्यांदा तोंडातनं काढनार न्हाई. काढलं तर ह्या लेकराचं बरं हुनार न्हाई."

"आत्याबाई, त्याला नका मधे घेऊ."

"म्हन."

मी म्हटलं. दुसरं काय करणार होते? बाळानं भंडारा लागलेली माझी बोटं पकडली आणि तोंडात घालायला लागलं. मी हात ओढून घेतला, पण थोडा भंडारा त्याच्या ओठाला लागलाच. ते पाहून आत्याबाईही गडबडल्या आणि पदरानं त्याचं तोंड पुसू लागल्या. मला वाटतं, आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी थोडंसं कळलं असावं. पण शपथ घालून झाली होती.

घरात शपथ घालायला वस्तूंची काही वाण नव्हती. त्या मला माझ्या कुंकवाची घालू शकल्या असत्या, स्वतःच्या गळ्याची घालू शकल्या असत्या. पण सून हलता कामा नये म्हणून त्यांनी घरातलं सगळ्यात मोलाचं काय ते उचललं. आणि त्या दिवसापासून अख्खं घर माझ्या तोंडाकडं बघायला लागलं.

पुढचे महिने मी कसे काढले ते मला नीट आठवतही नाही, भीती मात्र आठवते. विहिरीवर जायची भीती, न जायची भीती. 'विहीर' हा शब्दच मी बोलायची सोडला. "पाणी आणते," एवढंच म्हणायची. शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "काय गं, काय झालं हुतं त्या दिवशी?" मी पदर तोंडात धरून घरात पळायची.

यजमान सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांना विचारलं, कोर्टात बोलावलं तर काय करू? ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "खोटं बोलू नको. पण काही सांगूही नको." आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं कारखान्यावर निघून गेले. आमच्या घरात मोठे विद्वान तेच.

सासऱ्यांनी आपल्या परीनं मिटवायचा प्रयत्न केला. लुगडं, खण आणि शेरभर साखर घेऊन ते स्वतः वस्तीत गेले. त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच तिच्या दारात उभे राहिले असतील. तिनं हाताला फळ्या बांधलेल्या होत्या. लुगडं तिनं घेतलं नाही. सासरे परत येऊन ओसरीवर बसले आणि नंतर आमच्या वकिलांना म्हणाले, "मी तिच्या दारात गेलो. आता आनखी काय ऱ्हायलं?" वकील म्हणाले, मिटवायचं तर तिनं कोर्टात येऊन तसं सांगावं लागेल, कोर्टातल्या साहेबांनी मान्य करावं लागेल, खटला आता सरकारचा आहे. सासऱ्यांना हे शेवटपर्यंत उमगलं नाही. "सरकारचं काय मोडलं?" ते म्हणायचे. "हात तर तिचा मोडला."

मी ओसरीच्या आडून हे ऐकत होते. मला तेव्हा ते खरंच वाटलं. गावाच्या रीतीनं एखाद्यानं चूक केली तर तो ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारात जाणार, मान खाली घालणार, संपलं. आणि हे सरकार कोण कुठलं, ना विहिरीवर होतं ना दगडांत पडलं, ते म्हणणार की मोडलं ते माझं. पुढं मला वाटायला लागलं की तसं आहे म्हणूनच बरं आहे. सासऱ्यांची रीत ज्याच्या दारात जायचं त्याला मुळात माणसात धरणारी असेल तर ठीक. तिच्या दारात ते गेले ते जमादार येऊन गेल्यावर. त्याआधी कुणाच्या मोडलेल्या हातासाठी त्या दारात कुणी गेलं होतं?

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ती मला पुन्हा भेटली. त्या वर्षी आमच्यासारख्या घरच्या बायकाही कामावर जात होत्या, शेतात करायला काही नव्हतंच. तिच्या फळ्या निघाल्या होत्या, पण हात सरळ होत नव्हता. तिला मातीची पाटी डोक्यावर घेता येत नव्हती, म्हणून मुकादमानं तिला पाणी वाटायला ठेवलं होतं. पाणी वाटायला. ती माझ्यापाशी आली, डाव्या हातानं तांब्या पुढं केला. आजूबाजूच्या आमच्या बायका बघायला लागल्या. मला तहान लागली होती आणि मी ओंजळ धरली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमाला घरात शपथ घातलीया म्हनं. लेकराची."

मी मानेनंही हो म्हटलं नाही. तेही बोलण्यात धरलं गेलं तर?

"मी तुमाला सांगा म्हननार न्हाई. माजं बी लेकरू हाय," ती म्हणाली. "पन म्या काय शपत घिऊन सांगावं कोर्टात? माजं सांगनं एकटीचं. तुमचे भावजी म्हननार, घसरून पडली. मग मी घसरूनच पडले म्हनायचं."

ती पुढच्या बाईकडं गेली. तिनं विनवणी केली असती तर मला राग तरी धरता आला असता. घरी येताना मी रडले. पाहिलेलं मी एकटीनंच होतं.

पावसाळ्यात बाळाला गोवर निघाला. अंग भाजत होतं, डोळे उघडेनात. आत्याबाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या, हातात कडुलिंबाचा डहाळा. एकदम माझ्याकडं वळल्या.

"कुनापाशी बोललीस?"

"नाही, आत्याबाई."

"त्या बाईपाशी? कामावर?"

"देवाशपथ नाही."

त्यांनी हातातला डहाळा खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "मनात बोललीस?"

ह्याला मी काय सांगणार होते? मनात तर मी रोज बोलत होते. दळताना, भाकरी थापताना, मनातल्या कोर्टाच्या साहेबापुढं उभी राहून सगळं पहिल्यापासून सांगत होते. शपथ मनातलंही धरते का? धरत असेल तर हा ताप माझ्यामुळंच. मी बाळाच्या पायांशी बसले आणि मनात दुसरंच काहीतरी घोळवायला लागले, पाढे, अभंग, शाळेतली कविता, मधे फट राहू नये म्हणून. सबंध दिवस. आत्याबाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, आणि माझी खात्री आहे की त्याही घाबरल्या होत्या, माझ्या मनाला.

गोवर उतरला. बाळ उठून बसलं आणि गुळाचा खडा मागायला लागलं. त्यानंतर मला एक गोष्ट वारंवार मनात येऊ लागली. कोर्टाचीही मला भीती होती, खोटं सांगितलं तर तुरुंग, असं वकिलांनीच सांगितलं होतं. पण त्या भीतीला कड होती. कोर्ट माझं मन विचारणार नव्हतं. आणि धरणार होतं ते ज्यानं केलं त्याला, किंवा खोटं बोलले तर मला. शपथ मात्र धरणार होती झोळीत झोपलेल्या लेकराला, ज्यानं काही केलेलं नव्हतं. हे विचारसुद्धा मी घाबरत घाबरतच करत असे आणि लगेच पाढे म्हणायला लागत असे.

गणपती उठल्यावर समन्स आलं. पोलीस पाटलांनी ते ओसरीवर ठेवलं आणि मला सही करायला लावली. आमच्या वकिलांनी घरी येऊन मला शिकवलं. चुलीपुढं होते म्हणायचं, धूर होता म्हणायचं, जमादारानं काय लिहिलं ते ठाऊक नाही म्हणायचं. मी मान डोलावली. हे सोपं होतं. ह्यानं शपथ मोडत नव्हती, लेकरू सुखरूप राहत होतं. भावजी ओसरीच्या टोकाला बसले होते. ते हल्ली माझ्या पुढ्यात यायचे नाहीत. बाळाला मात्र रोज खांद्यावर घेऊन गुरांमागं हिंडवायचे.

तालुक्याच्या कोर्टात आत्याबाई आल्या, बाळाला घेऊन आल्या. तो अजून अंगावर पीत होता, म्हणून आणावं तर लागलंच असतं. पण एस.टी.त बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुज्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल." मला त्याचा अर्थ कळला. काळजी होती आणि धाकही होता, दोन्ही त्यांच्यात वेगळं करता येत नसे.

कोर्ट म्हणजे कौलारू इमारतीतली एक लांबट खोली. पट्टेवाल्यानं दारात उभं राहून 'सरकार विरुद्ध' असं म्हणून भावजींचं नाव पुकारलं तेव्हा सासऱ्यांनी मान हलवली. ती बाई भिंतीशी बसली होती, वाकडा हात मांडीवर घेऊन. आधी तिची साक्ष झाली. आमच्या वकिलांनी तिला विचारलं, दगड ओला होता ना? ती म्हणाली, दुष्काळात कुठला ओला दगड? खोलीत कुणीतरी हसलं. मग वकिलांनी विचारलं, हे सगळं कुणी पाहिलं? तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. नंतर माझं नाव पुकारलं.

पिंजऱ्याचा कठडा माझ्या छातीला लागत होता. पट्टेवाल्यानं भराभर म्हणून घेतलं, देवाची शपथ घेऊन सांगते की खरं सांगेन. मी त्याच्यामागून म्हटलं. कोणत्या देवाची ते त्यानं विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, एका अंगावर दोन शपथा, आता कुठलीतरी मोडणारच. कोर्टाची मोडली तर मला तुरुंग. घरातली मोडली तर. समोर शेवटच्या बाकावर आत्याबाई होत्या, त्यांच्या मांडीवर माझं लेकरू. त्यानं मला पाहिलं आणि हात पुढं केले.

"त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठं होता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

चुलीपुढं. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी होता. पण मला कामावरची ती पाण्याची ओंजळ आठवली की नुसती बुद्धीच काम करेनाशी झाली, हे मला आजही सांगता यायचं नाही.

"विहिरीवर हुते," मी म्हटलं.

आमच्या वकिलांनी झटकन मान वर केली. खोलीत हालचाल झाली. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "घाबरू नका. काय पाहिलंत ते सांगा."

मी तोंड उघडलं. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. इतके महिने मनात म्हणून म्हणून ते सगळं जिभेवर चढून बसलं होतं. "भावजींनी," असं मी म्हटलं, किंवा म्हणणार होते, आणि त्याच क्षणी शेवटच्या बाकावरून किंकाळी आली.

"सुटली! सुटली गं!"

आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. बाळाला त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी असं धरलं होतं की ते रडायला लागलं. पदर डोक्यावरून घसरलेला. ज्या बाईचा डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता तिचा.

"कोण आहे? काय म्हणतायत त्या?" साहेबांनी विचारलं.

"म्हातारी आहे साहेब, घाबरलीय," आमचे वकील म्हणाले.

"बाहेर न्या त्यांना."

पट्टेवाल्यानं दंड धरला. दारातून जाताना आत्याबाई मागं वळल्या. त्यांनी भावजींकडं पाहिलं नाही, म्हणजे पोटच्या पोराकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. "माज्याकडनं सुटली," त्या म्हणाल्या, "ह्या लेकरावरनं सुटली. आता बोल."

मग मी बोलले. दोर, धक्का, दगड, आवाज, सगळं. कारकून लिहीत होता. त्यानं माझा प्रत्येक शब्द लिहिला असेल, पण 'सुटली' त्या कागदात नसणार. कोर्टाच्या लेखी मी घेतलेल्या शपथेवर खरं सांगितलं, झालं. माझं तोंड कशानं बांधलं होतं आणि कशानं सुटलं, ह्याला तिथं जागाच नव्हती.

निकाल पुढच्या एका तारखेला लागला. भावजींना काही महिने झाले. परत आले तेव्हा वाळून गेले होते. माझ्याशी कित्येक वर्षं बोलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. सरकारनं विहीर आम्हाला परत दिली. दगडावरचा रंग उन्हापावसानं उडाला. एका सकाळी ती बाई घागर घेऊन आली, डाव्या हातानं दोर लावला. आता ती येऊ शकते की नाही, हे सांगणारा कुठलाच कागद नव्हता. आत्याबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा निवडायला लागल्या. गावातली काही घरं त्यानंतर आमच्या विहिरीवर फिरकली नाहीत, ती आजतागायत. आणि माझा मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याला बारीक ताप आला की मी अजून देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहते. त्याचं कारण साक्ष दिली त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर घडलं.

कोर्टातून निघून आम्ही एस.टी. स्टँडवर येऊन बसलो होतो. सासरे लांब, पिंपळाच्या पाराशी पाठ करून उभे होते. भावजी वकिलांबरोबर मागं राहिले होते. आत्याबाई बाळाला देत नव्हत्या. मी मागितलं तर आणखी आवळून धरत. त्यांनी मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. गाडीची वेळ होत आली तशा त्या माझ्याकडं सरकल्या.

"मी येळेवर म्हनले का गं?" त्यांनी विचारलं. "तू बोलायच्या आदी म्हनले, का मागनं?"

'भावजींनी' हा शब्द बाहेर पडला होता का? आवाज फुटला होता का? मला कानात फक्त त्यांची किंकाळी आठवत होती.

"आदी म्हनले का मागनं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "खरं सांग. ह्याच्या..."

आणि त्यांनी माझा हात धरला. उचलला. बाळाच्या डोक्याकडं नेला. माझा तळवा त्याच्या जावळावर टेकायला आला होता, केसांची ऊब लागली, आणि आत्याबाईंचा हात तिथंच अडला. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग बाळाकडं. माझा हात त्यांनी खाली माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"नगं," त्या म्हणाल्या. "नगं. नुसतं सांग."

"आधी," मी म्हटलं. "मी बोलायच्या आधी म्हणालात तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले आणि बाळाला माझ्या मांडीवर दिलं. मी सांगितलं ते खरं होतं की नव्हतं, मला अजून ठाऊक नाही.